आधी पाणी बघायचं

पहिल्या दिवशी मी हजेरीचा कॅटलॉग उघडत नाही. अकरावी सायन्सच्या वर्गात 120 मुलं दाटीवाटीनं बसलेली असतात. कुणाच्या अंगावर नवा शर्ट, घडीची रेघ अजून न मोडलेली. कुणी बॅग पोटाशी घट्ट धरून बसलेलं. मी आत जाते, माझं नाव सांगते, खडू टेबलावर ठेवते आणि म्हणते, "चला, उठा. बॅगा इथंच राहू द्यात. जरा फिरून येऊ." स्टाफरूममध्ये यावर पूर्वी थोडी कुजबुज व्हायची. जीवशास्त्राचा पोर्शन केवढा, तास किती, त्यातला एक असा फिरण्यात घालवायचा? आता सगळ्यांना सवय झाली आहे. आम्ही जिना उतरतो आणि मी मुलांना सगळ्यात आधी पाण्याची टाकी दाखवते.

याचं कारण 1995 सालच्या जुलै महिन्यात आहे.

माझा रोल नंबर 87 होता. तुकडी 'बी'. पहिल्याच तासाला सरांनी कॅटलॉग उघडला आणि इंग्रजीतून आकडे सुरू केले. वन, टू, थ्री. प्रत्येक आकड्यामागून एक आवाज येत होता, "येस सर", "प्रेझेंट सर". काही आवाज इतके सराईत होते, की ही मुलं इथंच जन्मली असावीत असं वाटावं. आमच्या शाळेत आम्ही "हजर" म्हणायचो. मी मनात "प्रेझेंट सर" घोळवायला लागले. तिसापर्यंत ठीक होतं. पन्नाशीला छातीत धडधड सुरू झाली. सत्तरीला तोंडाला अशी कोरड पडली, की जीभ टाळूला चिकटली. एटी-फोर, एटी-फाइव्ह, एटी-सिक्स. माझा आकडा आला तेव्हा मी तोंड उघडलं आणि काहीच बाहेर आलं नाही. सरांनी क्षणभर वाट पाहिली, पेन टेकवलं आणि पुढं गेले. कॉलेजच्या पहिल्या दिवशी, वर्गात बसलेली असताना, मी गैरहजर होते.

तास संपल्यावर सरांकडे जाऊन सांगायचं धाडस झालं नाही. खिडकीतून समोर साताऱ्याचा अजिंक्यतारा किल्ला दिसायला हवा होता, पण तिथं नुसतं पांढरं धुकं होतं. पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. मला रडायला येत होतं आणि कुठं जाऊन रडायचं तेही माहीत नव्हतं. एक गोष्ट मात्र माहीत होती. पाणी कुठं आहे ते. मी जिना उतरले, डावीकडे वळले, टाकीच्या नळाला ओंजळ लावली आणि पोटभर पाणी प्याले. तोंडावर मारलं. ओढणीला तोंड पुसलं. तोवर पुढच्या तासाची घंटा झाली आणि मी वर गेले.

ती टाकी मला तात्यांनी आदल्या दिवशी दाखवली होती.

तात्या म्हणजे माझे वडील. आमचं गाव माण तालुक्यात, दहिवडीच्या पुढं सात किलोमीटरवर. सह्याद्रीवर अडलेल्या पावसाचं उरलंसुरलं आमच्या वाट्याला येतं. माणगंगा वर्षातले बरेच महिने वाळूचीच असते. बहात्तरच्या दुष्काळात तात्या 15 वर्षांचे होते. घरात खाणारी तोंडं नऊ आणि विहिरीत चिखल. तेव्हा भावकीतल्या एकाचं बोट धरून ते गलाईच्या कामाला केरळात त्रिचूरला गेले. गलाई म्हणजे जुनं सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्याचा धंदा. आमच्या माण, आटपाडी, खानापूर भागातली माणसं या धंद्यापायी देशभर पांगलेली आहेत. दक्षिणेतल्या कुठल्याही मोठ्या गावाच्या सराफ बाजारात मागच्या गल्लीत शिरा, भट्टीपाशी मराठी बोलणारा माणूस भेटण्याची शक्यता मोठी. तात्यांची शाळा सातवीला सुटली होती. मल्याळमचं एक अक्षर येत नव्हतं.

माझ्या प्रवेशासाठी ते रजा वाढवून थांबले होते. कॉलेज सोमवारी सुरू होणार होतं. रविवारी सकाळी आम्ही दहिवडीहून साताऱ्याच्या एसटीत बसलो. पायाशी पत्र्याची पेटी, मांडीवर वळकटी. पुसेगाव गेलं, वर्धनगडचा घाट उतरलो तसं आभाळ बदललं. कोरेगावच्या पुढं गाडीच्या काचांवर पाऊस वाजायला लागला. माहुलीच्या पुलावर तात्यांनी हात जोडले. खाली कृष्णा दोन्ही काठ धरून, गढूळ, फुगलेली. एवढं पाणी मी एका जागी कधी पाहिलं नव्हतं. माझ्या पोटात गोळा आला होता तो तिथं आणखी घट्ट झाला.

हॉस्टेलवर पेटी टाकली आणि तात्या म्हणाले, "चल, तुजं कालेज बगून येऊ."

"उद्या बघायचंच आहे की," मी म्हणाले.

"उद्या न्हाई. उद्या लई मान्सं असत्यात."

रविवार असल्यामुळं कॉलेज बंद होतं. गेटवर शिपाईमामा होते. तात्यांनी त्यांना रामराम घातला, गाव सांगितलं, त्यांचं गाव विचारलं. दोन मिनिटांत दोघांच्या ओळखीचा एक पाव्हणा निघाला आणि गेट उघडलं. तात्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा: "मामा, पोरींला प्यायचं पाणी कुटं हाय?" मामांनी टाकी दाखवली. तात्यांनी नळ सोडला, स्वतः ओंजळभर प्याले, मला प्यायला लावलं. मग म्हणाले, "आता वर्ग दावा."

परत येताना पावसात एका दुकानाच्या पत्र्याखाली थांबलो तेव्हा त्यांनी सांगितलं. त्रिचूरला उतरले त्या रात्री त्यांना तहान लागली होती आणि पाणी कसं मागायचं ते माहीत नव्हतं. ज्यांच्याबरोबर गेले ते गृहस्थ झोपले होते. नव्या जागी, दुसऱ्याच्या घरात, माणसाला उठवून पाणी मागायची लाज वाटली. रात्रभर तसेच पडून राहिले. सकाळी शेजारच्या बाईंना त्यांनी हातानं खूण करून दाखवली, तेव्हा ती म्हणाली, "वेळ्ळम?" तो त्यांचा मल्याळममधला पहिला शब्द. "त्या दिसापासनं ठरवलं," तात्या म्हणाले, "कुटं बी जावा, नवं गाव असू द्या, आदी पाणी बगायचं. पाणी ठावं आसलं की मानूस रात काडतंय."

"घाबरू नकोस" असं ते एकदाही म्हणाले नाहीत. पुढं आयुष्यभर मी हे वाक्य शेकडो जणांच्या तोंडून ऐकलं आणि सुरुवातीच्या काळात स्वतःही मुलांना म्हणाले. त्याचा उपयोग झालेला मला दिसला नाही. मुलं मान हलवतात, घाबरतात ते घाबरतातच, आणि वर आपण घाबरतोय याचीही लाज वाटून घेतात.

संध्याकाळी तात्या गेले. चार दिवसांनी ते त्रिचूरला जाणार होते. गाडी सुटताना त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढला. बोटांची टोकं पिवळी होती. मला कळतंय तेव्हापासून ती पिवळीच होती, हळद खेळून आल्यासारखी. ते तेजाबाचे डाग होते आणि कितीही धुतले तरी जात नसत. ते बोट ओल्या काचेवर कितीतरी वेळ दिसत राहिलं.

हॉस्टेलच्या खोलीत आम्ही चौघी होतो. पहिल्या रात्री कुणी कुणाशी फार बोललं नाही. पाऊस पत्र्यावर अखंड पडत होता. आमच्याकडं पाऊस आला की माणसं अंगणात येतात, हात पसरून उभी राहतात, वासाचं कौतुक करतात. इथं सगळे दारं-खिडक्या लावून घेत होते. मला त्या आवाजानं झोप लागेना. साताऱ्याला अशा मुलांची सवय आहे, हे मला तेव्हा आठवलं असतं तर बरं झालं असतं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1924 साली याच गावात वसतिगृह काढलं, सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला बसवली. 1927 मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याचं छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असं नामकरण झालं. बोर्डिंगातलं धान्य संपलं तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचं सोनं दिलं, शेवटी मंगळसूत्रसुद्धा. शाळेत हे सगळं मी पाठ केलं होतं. पण त्या मुलांना पहिल्या रात्री झोप लागली असेल का, त्यांतलं एखादं पोर पांघरुणात तोंड खुपसून रडलं असेल का, हा प्रश्न मला फार उशिरा पडला. आता मी त्या रस्त्यानं गेले की पडतोच.

आमच्यातली एक मुलगी पाटणच्या खोऱ्यातून आली होती. दहावीला तिला आम्हा चौघींत सगळ्यात जास्त मार्क. ती फार बोलत नसे. डबा अर्धा ठेवायची. रात्री मला जाग यायची तेव्हा ती बसलेली असायची, गुडघ्यांत डोकं घालून. कपडे वाळत नव्हते म्हणून तिनं खोलीत खिळ्याला खिळा अशी दोरी बांधली होती, फार नीट, ताणून. स्टीलच्या तांब्यात उकळतं पाणी भरून ओल्या कपड्यांवर फिरवायचं, हे आम्हाला तिनं शिकवलं. नवव्या दिवशी तिचे वडील आले आणि तिला घेऊन गेले. पेटी उचलताना ते रेक्टरबाईंना म्हणाले, "जेवतच न्हाई म्हंत्यात. दोन दिवस नेतो." ती परत आली नाही.

तेव्हा आम्ही तिघी म्हणालो, तिला जमलं नाही. इतकंच. मी माझ्याच भीतीत इतकी बुडाले होते, की रात्री उठून तिच्याजवळ जाऊन बसणं मला सुचलं नाही. दोन शब्द बोलले असते तर ती राहिली असती असं मी म्हणत नाही. पण मी जागी होते आणि ती जागी होती, आणि आम्हा दोघींत चार फुटांचं अंतर होतं. तिची दोरी आम्ही वर्षभर वापरली. माझ्या वर्गातल्या मुलांना मी आजही सांगते, की झोप उडणं, जेवण न जाणं आठ-दहा दिवसांच्या पुढं गेलं तर ते हॉस्टेलच्या सवयीचं राहत नाही, कुणाला तरी सांगा. फळ्याच्या कोपऱ्यात 14416 हा आकडा वर्षभर लिहिलेला असतो. टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा, सरकारचा, फुकट. मराठीतून बोलता येतं. मुलं तो आकडा वहीत उतरवून घेत नाहीत, पण पुसतही नाहीत.

मला खरं सावरलं ते डब्यानं.

आमच्या भागात शिकायला गेलेल्या मुलांचा डबा एसटीनं येतो. ज्यांनी तो खाल्ला नाही त्यांना या गोष्टीतली माया कळायची नाही. माझा भाऊ तेव्हा तेरा वर्षांचा होता. आई पहाटे चारला उठून भाकरी थापायची. तो अंधारात सायकलवर सात किलोमीटर दहिवडीला जायचा आणि सहाच्या गाडीत ड्रायव्हरच्या मागच्या कठड्याला डबा अडकवायचा. डब्याच्या झाकणावर लाल ऑइलपेंटनं माझं नाव, गावाचं नाव. कापडाची गाठ आईची, मला न बघता ओळखता यायची. बाजरीची भाकरी, मटकी, कधी हुलग्याचं पिठलं, बुडाशी कागदाच्या पुडीत शेंगदाण्याची चटणी. पासष्ट-सत्तर किलोमीटर येईतो भाकरी गार व्हायची, पण मधली भाकरी उपसली की तिला अजून ऊब असायची.

डबा घ्यायला स्टँडवर जावं लागायचं. सकाळी साडेआठच्या सुमाराला साताऱ्याच्या स्टँडवर आम्ही वीस-पंचवीस पोरं-पोरी वेगवेगळ्या फलाटांवर उभी असायचो. तिथली ओळख नावानं व्हायची नाही, गाडीनं व्हायची. चौथ्या-पाचव्या दिवशी शेजारी उभ्या असलेल्या मुलीनं विचारलं, "तुजा कुठला?"

"दहिवडीचा."

"माजा औंधचा. आज लेट हाय."

एवढंच. दुसऱ्या दिवशी माझी गाडी लेट झाली, तर तिनं स्वतःचा डबा घेऊनही माझ्यासोबत वाट बघितली. तास बुडाला आम्हा दोघींचा. ती माझ्याच वर्गात होती, रोल नंबर 41, आणि मला पत्ताच नव्हता. वर्गात मान खाली घालून बसलेल्या मला 119 अनोळखी माणसं दिसायची. स्टँडवर मान वर करून गाडीच्या पाटीकडं बघावं लागायचं, तेव्हा शेजारचं माणूस दिसलं. त्या दिवसापासून हजेरीत 41 चा आकडा झाला, की ती मागं वळून माझ्याकडं बघायची आणि 87 ला मी "प्रेझेंट" म्हणेपर्यंत बघत राहायची.

इंग्रजीची भीती मात्र डब्यानं जाण्यासारखी नव्हती. दहावीला विज्ञानात मला 150 पैकी 138 मार्क होते. आणि इथं पहिल्या आठवड्यात मला एक वाक्य धड कळत नव्हतं. सगळ्यात जास्त त्रास याचा व्हायचा, की सर जे शिकवत होते ते मला येत होतं. ऑस्मोसिस म्हणजे परासरण हे तिसऱ्या दिवशी कळलं तेव्हा मी हसले आणि लगेच डोळ्यांत पाणी आलं. परासरणावर मी शाळेत बटाट्याचा प्रयोग करून दाखवला होता! बेस म्हटल्यावर मी पाया समजून अख्खा तास काढला, ती आम्लारी निघाली. माझ्या ओळखीची माणसं नवे कपडे घालून समोरून जात होती आणि मी त्यांना हाक मारू शकत नव्हते.

ऑगस्टमध्ये केमिस्ट्रीचं पहिलं प्रॅक्टिकल झालं. प्रयोगशाळेच्या दारात पाय ठेवला आणि मी थांबले. मागची मुलगी म्हणाली, "चल की." पण मला हलता येईना. वास तोच होता. नाकात टोचणारा, घशाला धरणारा. तात्या घरी यायचे तेव्हा त्यांच्या पिशवीतल्या कपड्यांना, लुंगीला, पैशांच्या पाकिटालासुद्धा यायचा तोच. बाकीच्या मुलींनी नाकाला ओढण्या लावल्या होत्या. त्या अनोळखी गावात मला पहिल्यांदाच घरी आल्यासारखं वाटलं.

सर एका बाटलीतलं द्रावण दाखवत होते. सिल्व्हर नायट्रेट. त्यात तांब्याची तार टाकली तर काय होईल, असं त्यांनी इंग्रजीत विचारलं. कॉपर, वायर, सिल्व्हर एवढं मला कळलं. सगळे गप्प. मला उत्तर माहीत होतं. ते मी पुस्तकात वाचलेलं नव्हतं. सोन्यातली भेसळ काढायची तर ते चांदीबरोबर वितळवतात, मग तेजाबात टाकतात. चांदी आणि तांबं तेजाबात विरघळून जातं, सोनं तेवढं तळाशी राहतं. मग त्या पाण्यातली चांदी परत काढायला त्यात तांब्याची पट्टी सोडतात. तात्यांनी मला हे सुट्टीत दहा वेळा सांगितलं होतं, दर वेळी तेवढ्याच आनंदानं. त्या पाण्याला ते चांदीचं पाणी म्हणायचे.

माझा हात वर गेला. कसा गेला ते मला आजही सांगता येणार नाही. "सर, चांदी बसंल," मी म्हणाले. मराठीत, आणि तेही आमच्या मराठीत. "तारेवर करडी चांदी बसंल. आन् पाणी निळं हुईल."

कुणीतरी हसलं. सरांनी तिकडं पाहिलंही नाही. त्यांनी मला विचारलं, "तू हे कुठं पाहिलंस?" मी सांगितलं. ते म्हणाले, "इकडं ये. तूच टाक तार." मी काचेच्या नळीत तार सोडली. पाच-दहा मिनिटांत तारेवर करड्या बुरशीसारखी चांदी धरली, वाढत गेली, चमकायला लागली, आणि पाण्यात निळी झाक उतरली. सरांनी फळ्यावर समीकरण लिहिलं आणि खाली लिहिलं, डिस्प्लेसमेंट. मग माझ्याकडं बघून मराठीत म्हणाले, "विस्थापन. तांब्यानं चांदीची जागा घेतली."

त्या रात्री मी एक दोनशे पानी वही घेतली आणि पानाला तीन रकाने आखले. पहिल्यात शाळेतला शब्द, दुसऱ्यात कॉलेजातला, तिसऱ्यात घरचा. आम्ल, ॲसिड, तेजाब. अवक्षेप, प्रेसिपिटेट, गाळ. तंतुकणिकेचा, म्हणजे मायटोकॉन्ड्रियाचा, तिसरा रकाना रिकामा राहिला, तसे पुष्कळ राहिले. पण जिथं तीनही भरले, तो शब्द मला पुन्हा कधी अडला नाही. वही अजून माझ्याजवळ आहे. दुसऱ्या पानावर कोपऱ्यात 'वेळ्ळम' असंही लिहिलेलं आहे, त्याचं काय काम होतं आठवत नाही.

त्याच प्रॅक्टिकलला माझ्या तर्जनीवर नायट्रिक ॲसिडचा थेंब पडला. धुतला, चुरचुरलं, आणि दुसऱ्या दिवशी तिथं पिवळा डाग होता. ॲसिडची आपल्या कातडीतल्या प्रथिनांशी क्रिया होते म्हणून तो रंग येतो, आणि ती कातडी झडून नवी येईपर्यंत जात नाही, हे मी पुढं शिकले. तात्यांची कातडी झडायला सवडच मिळायची नाही. तो डाग मी वर्गातल्या कुणाला दाखवला नाही. आठवडाभर रात्री दिव्याखाली बोट धरून बघत होते.

आता मी जीवशास्त्र शिकवते, त्यामुळं 87 नंबरला माझं काय झालं होतं ते मला नावानिशी माहीत आहे. मूत्रपिंडांच्या डोक्यावर अधिवृक्क ग्रंथी बसलेल्या असतात. धोका दिसला की त्या रक्तात ॲड्रेनलिन सोडतात. हृदय जोरात चालतं, रक्त आतड्यांकडून स्नायूंकडं वळतं म्हणून पोटात कालवतं, लाळ कमी होते म्हणून तोंड कोरडं पडतं. लांडग्यापुढून पळायला ही तयारी उत्तम आहे. शरीराला कॅटलॉग आणि लांडगा यांतला फरक कळत नाही. हे मी मुलांना पहिल्या दिवशी सांगते, कारण आपल्यात काहीतरी खोट आहे असं वाटून घेतलेली पोरं माझ्यासमोर दरवर्षी बसलेली असतात. मग मी त्यांना मनगटावर तीन बोटं ठेवायला सांगते. अंगठा नाही, अंगठ्याला स्वतःची नाडी असते. श्वास घ्या. आता सावकाश सोडा, घेतला त्यापेक्षा लांब. श्वास घेताना ठोके किंचित जलद होतात, सोडताना किंचित मंदावतात. या वयात हे बोटांना चांगलं कळतं. एखाद्या मुलाचे डोळे मोठे होतात, शेजाऱ्याला कोपर मारतो, "अरे, खरंच!" हे आमचं पहिलं प्रॅक्टिकल. त्याचं जर्नल लिहायचं नसतं.

पण ते नंतर, टाकीपाशी जाऊन आल्यावर. आधी मी त्यांना फिरवते. पाण्याची टाकी, मुलींचं स्वच्छतागृह, त्याच्या दाराची कडी बाहेरून कशी ओढायची ते, ऑफिसची खिडकी, स्कॉलरशिपचा फॉर्म कुठं मिळतो, पाऊस असला तर डबा कुठं बसून खायचा. एसटीचा पास काढायचा कागद कुणाकडून सही करून घ्यायचा. मुलींचा बारावीपर्यंत पास फुकट असतो, हे दरवर्षी दोघी-तिघींना माहीत नसतं आणि त्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात. शिपाईमामांचं नाव सांगते. पायऱ्या चढून परत येईतो मुलं एकमेकांशी बोलायला लागलेली असतात, बहुतेक कडीबद्दल.

2025 पासून अकरावीचे प्रवेश सगळ्या राज्यात ऑनलाइन झाले. कॉलेज सुरू होण्याआधीच मुलांचे व्हॉट्सॲपवर ग्रुप तयार असतात. भीती कमी होईल असं मला वाटलं होतं. तसं झालं नाही. आपण सोडून बाकी सगळ्यांची आधीच ओळख झाली आहे, असं आता प्रत्येकाला वाटतं. त्या वर्षी एक मुलगा फिरून आल्यावर माझ्यापाशी रेंगाळला. त्याला विचारलं, काय रे? म्हणाला, "मॅडम, काही नाही." थोडा थांबला. "मॅडम, हजेरी कधीपासून घेणार?" मी म्हणाले, गुरुवारपासून. त्यानं सुटल्यासारखा श्वास सोडला. लांब.

माझा भाऊ आता गावाकडंच असतो, डाळिंबं लावली आहेत. त्याची थोरली त्याच वर्षी ऑगस्टमध्ये इंजिनिअरिंगला पुण्याला गेली. ज्यानं तेराव्या वर्षी अंधारात सायकल हाणली, त्या माणसाला लेकीला सोडून परत येताना स्वारगेटला बसची पाटी वाचता येईना, असं वहिनीनं मला फोनवर सांगितलं. पोरगी धीट आहे. पण कॉलेज सुरू होण्याच्या आदल्या रात्री तिचाही मला फोन आला होता. "आत्या, मला काही होत नाहीये. फक्त जेवण जात नाहीये." मी तिला लांडग्याचं सांगितलं, श्वासाचं सांगितलं. मग फोन तात्यांकडं दिला. तात्या आता सत्तरीला टेकले आहेत, भट्टी सुटून बरीच वर्षं झाली, बोटं आमच्यासारखीच झाली आहेत. त्यांना ऐकू कमी येतं म्हणून ते मोठ्यानं बोलतात. ते नातीला काय म्हणाले ते अख्ख्या गल्लीनं ऐकलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्या फोनवर निरोप आला. 'आत्या, पाणी दुसऱ्या मजल्यावर आहे, लायब्ररीच्या बाहेर. कूलर आहे. तिथंच एक मुलगी भेटली, लातूरची. आजोबांना सांग.'

मी तात्यांना वाचून दाखवलं. त्यांनी पुन्हा वाचायला लावलं. मग बराच वेळ काही बोलले नाहीत.

"इचार तिला," ते म्हणाले, "पाणी गोडं हाय का मचूळ?"